'वुदरिंग हाइट्स' : अर्ध्या कादंबरीचा पूर्ण चित्रपट

कादंबरीवरून चित्रपट निघाला की त्याविषयीची चर्चा बहुधा दोन वाटांनी जाते. पहिली वाट हिशेबाची : मूळ संहितेतील कोणते प्रसंग गाळले, कोणते नव्याने घातले, शेवट कसा बदलला ह्याची यादी करायची आणि तिच्या आधारे दिग्दर्शकाला निष्ठेचे गुण द्यायचे. दुसरी वाट सबबीची : शब्द आणि दृश्य ही माध्यमे मुळातच भिन्न असल्यामुळे बदल अपरिहार्य होता, असे म्हणून ती यादी मिटवून टाकायची. पदव्युत्तर वर्गात पहिली वाट सहसा विद्यार्थी धरतात आणि दुसरी अध्यापक, एवढाच फरक. दोन्ही वाटांवर एक प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. जे गाळले गेले ते माध्यमाला पेलवत नव्हते म्हणून गाळले गेले, की ते नकोच होते म्हणून? एमिली ब्राँटीच्या 'वुदरिंग हाइट्स' ह्या १८४७ च्या कादंबरीवर विल्यम वायलर ह्याने १९३९ साली केलेला चित्रपट ह्या प्रश्नाच्या दृष्टीने जितका बोलका आहे, तितकी दुसरी उदाहरणे थोडी सापडतील.

हा चित्रपट सामान्य नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. सॅम्युअल गोल्डविन ह्याची निर्मिती, बेन हेक्ट व चार्ल्स मॅकआर्थर ह्यांची पटकथा, ग्रेग टोलंडचे छायाचित्रण, आल्फ्रेड न्यूमनचे संगीत, आणि हीथक्लिफच्या भूमिकेत लॉरेन्स ऑलिव्हिए. न्यूयॉर्कच्या चित्रपटसमीक्षकांनी त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड केली, आणि तीही 'गॉन विथ द विंड'च्या वर्षी. आठ ऑस्कर नामांकनांपैकी एक पारितोषिक पदरात पडले, ते टोलंडला. ते योग्य माणसाच्या हाती गेले असेच म्हणावे लागेल. सुमारे पावणेदोन तासांच्या ह्या चित्रपटात कादंबरीच्या चौतीस प्रकरणांपैकी साधारणपणे पहिली सतरा येतात. कॅथरिन मरते, हीथक्लिफ तिच्या आठवणीत जळत राहतो आणि वर्षानुवर्षांनंतर एका हिमवादळात तिच्या हाकेमागे जाऊन प्राण सोडतो. दुसरी पिढी, म्हणजे धाकटी कॅथी, हिंडलीचा मुलगा हेअरटन आणि हीथक्लिफचा स्वतःचा मुलगा लिंटन, चित्रपटात जन्मालाच येत नाही.

जॉर्ज ब्लूस्टोन ह्याने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'नॉव्हेल्स इंटू फिल्म' ह्या ग्रंथात ह्या चित्रपटाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. चित्रपटकार कादंबरीचे भाषांतर करीत नाही, तिला कच्चा माल मानून नवी कृती घडवतो, ही त्याची भूमिका माध्यमांतराच्या अभ्यासाला मोठे बळ देणारी ठरली. निष्ठेच्या भाबड्या कसोटीतून समीक्षा बाहेर पडली ती बरीचशी त्याच्यामुळे. परंतु पुढे ह्या भूमिकेचा वापर सरसकट माफीपत्रासारखा होऊ लागला. माध्यम भिन्न आहे हे खरे. पण माध्यमाने हेअरटनला दारातून परत पाठवले असे कोणी म्हणू लागेल तर ते खरे नाही. १९९२ साली पीटर कोझमिन्स्की ह्याने केलेल्या चित्रपटात दोन्ही पिढ्या आहेत आणि ज्युलिएट बिनोशने आई व मुलगी अशा दोन्ही कॅथरिन रंगवल्या आहेत. तो चित्रपट वायलरच्या चित्रपटाच्या पासंगालाही पुरत नाही, हा भाग वेगळा. परंतु जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते केवळ अवघड होते, एवढे त्याने सिद्ध होते. १९३९ मधील वगळणूक ही निवड होती, आणि निवडीला हेतू असतो.

तो हेतू शोधायचा तर वगळलेल्या अर्ध्या भागात नेमके काय आहे ते पाहावे लागते. 'कथेचा उत्तरार्ध' हे उत्तर अपुरे आहे. १९२६ साली चार्ल्स पर्सी सँगर ह्या कायदेतज्ज्ञाने ह्या कादंबरीच्या रचनेवर एक छोटा निबंध लिहिला. अर्नशॉ आणि लिंटन ह्या दोन घराण्यांची वंशावळ किती काटेकोर सममितीने आखलेली आहे, घटनांच्या तारखा किती अचूक जुळतात, आणि जमीन, गहाण, वारसा ह्यांविषयीचे अठराव्या शतकातील इंग्रजी कायदे लेखिकेला किती पक्के ठाऊक होते, हे त्याने दाखवून दिले. केवळ प्रतिभेच्या झंझावातात लिहिलेली समजली जाणारी ही कादंबरी एखाद्या जुन्या दिवाणी दाव्याच्या कागदपत्रांसारखी बांधेसूद निघाली.

हीथक्लिफचा सूड ह्या कागदपत्रांतून चालतो. हिंडलीला जुगारासाठी पैसा हवा असतो. तो एकेक जमीन गहाण टाकतो, आणि गहाण घेणारा हीथक्लिफ असतो. हिंडली मरतो तेव्हा त्याचा मुलगा आपल्याच घरात परावलंबी गडी होतो. एवढा भाग चित्रपटातही ओझरता आहे. परंतु थ्रशक्रॉस ग्रेंज मिळवण्याची चाल ह्याहून खोल आहे. एडगर लिंटनला मुलगा नाही. त्यामुळे मालमत्ता त्याच्या मुलीकडे न जाता बहिणीच्या, इझाबेलाच्या, वंशाकडे वळते. इझाबेलाचा मुलगा हा हीथक्लिफचाही मुलगा आहे. तो क्षयी आहे, फार जगणार नाही हे बापाला दिसते आहे; म्हणून त्याच्या मरणाआधी धाकट्या कॅथीला कोंडून ठेवून तिचे त्याच्याशी लग्न लावले जाते. पत्नीची जंगम मालमत्ता पतीची होते, पती मृत्युपत्राने ती बापाला देतो. पती अज्ञान असल्यामुळे स्थावर मालमत्तेची व्यवस्था त्याला करता येत नाही. तेव्हा हीथक्लिफ मृत पत्नीच्या आणि स्वतःच्या हक्काने जमिनी ताब्यात ठेवतो. तो हक्क कायद्याने टिकण्यासारखा आहे की नाही ही शंका रास्त आहे. पण पैसा आणि पाठीराखा नसलेली विधवा मुलगी दावा लावणार कोठून? मरणशय्येवर असलेला एडगर मुलीचा पैसा विश्वस्तांच्या हाती सोपवण्यासाठी वकिलाला बोलावतो, आणि वकील मुद्दाम उशिरा येतो, कारण तो आधीच हीथक्लिफला विकला गेलेला असतो. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पुरेसा अधिकार देणारा इंग्लंडमधील कायदा १८८२ चा. कादंबरी त्याच्या पस्तीस वर्षे आधीची आहे, हे लक्षात घेतले की ह्या प्रकरणांतील गुदमर निव्वळ गॉथिक राहत नाही.

म्हणजे उत्तरार्धात हीथक्लिफ प्रियकर नाही. तो जमीनदार आहे, घरमालक आहे, सासरा आहे, बाप आहे. आणि ह्यातल्या प्रत्येक नात्यात तो ज्यांनी त्याला छळले त्यांच्याच पद्धती वापरतो. लहानपणी हिंडलीने त्याला शिक्षणापासून तोडले, शेतावर राबवले. तोच प्रयोग तो हिंडलीच्या मुलावर करतो. पीडिताने पीडकाची सर्व हत्यारे आत्मसात केली आहेत. वाचकाची सहानुभूती इथे अडचणीत येते आणि तिने अडचणीत यावे हीच लेखिकेची योजना आहे. पूर्वार्धात ज्याच्या बाजूने मन ओढले गेले, त्याच्याच हातून आता एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला मार खावा लागतो. हे पाहिल्यानंतर पूर्वार्धातील प्रेमाकडे पूर्वीच्याच डोळ्यांनी पाहता येत नाही.

चित्रपटाने वाचकाची ही अडचण प्रेक्षकाच्या वाट्याला येऊ दिलेली नाही. त्याचा हीथक्लिफ कठोर आहे, इझाबेलाचे आयुष्य त्याने उद्ध्वस्त केले आहे. पण त्याची प्रत्येक कठोरता एका अपुऱ्या प्रेमाचे लक्षण म्हणून आपोआप क्षम्य होते. कॅथरिनचा मृत्यू ह्या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. कादंबरीत ती गरोदर आहे. शेवटच्या भेटीनंतर ती शुद्धीवर अशी येतच नाही. मध्यरात्री सातव्या महिन्याची मुलगी जन्मते आणि दोन तासांनी आई जाते. हीथक्लिफ त्या वेळी बाहेर बागेत झाडाखाली उभा असतो. चित्रपटात गर्भाचा उल्लेखही नाही. हीथक्लिफ तिला उचलून खिडकीपाशी नेतो, दोघे मिळून दूरच्या माळरानाकडे पाहतात आणि ती त्याच्या मिठीत प्राण सोडते. दृश्य प्रभावी आहे, मर्ल ओबेरॉनचा चेहरा टोलंडने विलक्षण हळुवार प्रकाशात टिपला आहे. परंतु एका बाळंतपणातील मरणाचे येथे प्रेमातील मरण झाले आहे. त्या काळी स्त्रिया ज्या कारणाने खरोखर मरत, ते कारण काढून त्या जागी काव्य ठेवले गेले. १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या हॉलिवुडच्या निर्मिती-संहितेचा दाब लक्षात घेतला तरी हा बदल केवळ दाबामुळे झाला असे म्हणता येत नाही, कारण विवाहितेचे बाळंतपण संहितेला निषिद्ध नव्हते. मूल आले असते तर उत्तरार्ध आला असता, आणि उत्तरार्ध आला असता तर प्रेमकथा मोडली असती.

माळरानाचेही असेच. ह्या कादंबरीचे नाव घेताच डोळ्यांसमोर कड्यावर उभे असलेले वाऱ्यात विस्कटलेले दोन प्रेमिक येतात. ते चित्र कादंबरीतले नाही. ते ह्या चित्रपटाने दिले आहे. कॅलिफोर्नियातील टेकड्यांवर यॉर्कशर उभे करून वायलरने पेनिस्टन क्रॅग हा त्या दोघांचा खेळातला किल्ला केला, आणि कथा पुनःपुन्हा तेथे नेली. कादंबरीतील निवेदन जवळजवळ सारे घरात घडते. नेली डीन ही घर सांभाळणारी बाई आहे. तिला दिसते ते स्वयंपाकघरातून, जिन्यावरून, दाराच्या फटीतून. दोन मुले माळावर पळाली एवढे ती सांगते, तेथे काय झाले ते तिला माहीत नाही. माळरान हे वाचकाला न दाखवलेले स्थळ आहे आणि त्याचे सामर्थ्य त्या न दाखवण्यात आहे. चित्रपटातही लॉकवुड येतो, फ्लोरा रॉब्सनची एलन त्याला गोष्ट सांगू लागते. परंतु गोष्ट सुरू झाली की कॅमेरा सर्वज्ञ होतो आणि निवेदिकेचे पूर्वग्रह, तिच्या लपवाछपव्या, तिचा ह्या सर्व अनर्थातील स्वतःचा वाटा, हे सारे विरून जाते. नेली विश्वासार्ह आहे की नाही ह्यावर समीक्षेत जी चर्चा झाली आहे, तिला चित्रपटात जागाच उरत नाही.

जेथे चित्रपट घराच्या आत राहतो तेथे मात्र तो कादंबरीच्या फार जवळ जातो. टोलंडचा मेणबत्तीचा उजेड, छताखाली दबलेल्या खोल्या, चौकटीत अडकलेल्या आकृती ह्यांत वुदरिंग हाइट्स हे घर खरोखर उभे राहते. दोनच वर्षांनी 'सिटिझन केन'मध्ये त्याने जे केले त्याची चाहूल येथे लागते. कॅथरिनला मारल्यानंतर हीथक्लिफ तबेल्यात जाऊन आपले हात खिडकीच्या काचेतून आरपार घालतो. हा प्रसंग कादंबरीत नाही, तरी तो ब्राँटीचा वाटतो. नवी भर घालूनही मूळ कृतीशी इमान राखता येते ह्याचे हे उदाहरण आहे, आणि यादी करणाऱ्या समीक्षेला ते कधीच दिसणार नाही.

काळाचा बदल वरवर किरकोळ वाटतो. कादंबरीची कथा १७७१ ते १८०२ ह्या वर्षांत घडते. चित्रपट आरंभीच्या पाटीवर ती शंभर वर्षांपूर्वीची म्हणजे साधारण १८४० च्या आसपासची करतो. त्या काळातील स्त्रियांचे पोशाख पडद्यावर अधिक खुलतात, हे कारण सांगितले जाते. परंतु थोरला अर्नशॉ ज्या लिव्हरपूलच्या रस्त्यावरून एका बेवारस, सावळ्या, अगम्य भाषा बोलणाऱ्या मुलाला उचलून आणतो, ते १७७१ चे लिव्हरपूल गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. ब्रिटिश साम्राज्यात तो व्यापार १८०७ साली कायद्याने बंद झाला. कथा पुढे सरकवली की त्या मुलाच्या काळ्या रंगामागचे बंदर पुसट होते. कादंबरीत त्याला जिप्सी म्हटले जाते; लिंटनच्या घरात त्याच्याकडे पाहून तो लास्कर असावा किंवा अमेरिकेतून वा स्पेनमधून आलेला कोणी अनाथ असावा, असा तर्क केला जातो. 'लास्कर' म्हणजे जहाजांवर राबणारा हिंदी किंवा पूर्वेकडचा खलाशी. मराठीतल्या 'लष्कर' शब्दाचाच तो गोत्रज. लेखिका हा तर्क पक्का करीत नाही आणि खोडूनही टाकत नाही.

ह्याच संदर्भात कादंबरीच्या सातव्या प्रकरणातील एक छोटा प्रसंग महत्त्वाचा ठरतो. अपमानित होऊन कोपऱ्यात बसलेल्या पोराला आरशासमोर उभे करून नेली समजावते, की कोणी सांगावे, तुझा बाप चीनचा बादशहा असेल, आई हिंदुस्थानची राणी असेल. तसे समज आणि ताठ राहा. एका मोलकरणीने एका हीन लेखलेल्या मुलाला दिलेला हा दिलासा आहे. चित्रपटात ही कल्पना कॅथरिनच्या तोंडी येते, कड्यावरच्या खेळात. आणि पुढे अमेरिकेहून श्रीमंत होऊन परतलेला हीथक्लिफ त्याच शब्दांचा आधार घेऊन आपण आपला वारसा मिळवून आलो असे सुनावतो. तो तीन वर्षे कोठे होता हे कादंबरीत कोणालाच कळत नाही; चित्रपटाने ती जागा अमेरिकेने भरून काढली. त्याचा वंश हा प्रश्न राहिला नाही, तो राजपुत्राच्या वेषांतराचा खेळ झाला. गोरा ऑलिव्हिए थोड्या रंगभूषेने त्याला पुरला.

आणि हिंदुस्थानच्या राणीचे ते वाक्य ज्या कॅथरिनच्या तोंडी आहे, तिची मोठेपणीची भूमिका करणारी अभिनेत्री होती मर्ल ओबेरॉन. तिचा जन्म १९११ चा, मुंबईचा. घराण्याचे धागे सिलोनशी जोडलेले, बालपण मुंबई-कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन वस्तीत गेलेले. चित्रपटसृष्टीने तिला टास्मानियात जन्मलेली गोरी मुलगी म्हणून प्रसिद्ध केले आणि १९७९ साली तिचे निधन होईपर्यंत ती कहाणी तिने सोडली नाही. खरी हकीकत १९८३ मध्ये प्रकाशित झालेल्या तिच्या चरित्राने चव्हाट्यावर आली. ज्या चित्रपटात सावळ्या परक्याची भूमिका गोऱ्या नटाकडे गेली, त्याच चित्रपटात गोऱ्या नायिकेची भूमिका करणाऱ्या स्त्रीला आपली मुंबई लपवावी लागली. कॅथरिन तुला हिंदुस्थानी आई असेल म्हणते तेव्हा ते स्वप्नरंजन ठरते. ओबेरॉन स्वतःविषयी तसे म्हणाली असती तर ती पडद्यावर राहिली नसती. हा योगायोग वायलरने योजलेला नाही, प्रेक्षकाला तो ठाऊक असण्याचेही कारण नव्हते. परंतु आज हा चित्रपट पाहताना ते दृश्य नुसते प्रेमिकांच्या खेळाचे म्हणून पाहणे शक्य नाही. विशेषतः मुंबईच्या विद्यापीठीय परिसरात तो दाखवला जात असेल तर नाहीच नाही.

मुंबईच्याच स्टुडिओंतून १९६६ साली 'दिल दिया दर्द लिया' हा दिलीपकुमार व वहिदा रेहमान ह्यांचा चित्रपट आला. ह्याच कथेच्या त्या हिंदी अवतारात नायक खरोखरच एका संस्थानाचा हरवलेला वारस निघतो. मोलकरणीचा दिलासा, मग प्रियेचा खेळ, मग वस्तुस्थिती असा ह्या एका कल्पनेचा प्रवास पाहिला, की प्रश्न केवळ हॉलिवुडचा राहत नाही. लोकप्रिय चित्रपटाला बेवारस नायक सोसत नाही. अँड्रिया अर्नल्ड हिने २०११ मध्ये कृष्णवर्णीय नट घेऊन हीथक्लिफचा रंग त्याला परत केला; पण तिनेही कथा अर्ध्यावरच थांबवली.

शेवटाबद्दल वायलर स्वतःच समाधानी नव्हता. हीथक्लिफचे प्रेत मिळाल्यानंतर तो आणि कॅथरिन बर्फातून हातात हात घालून कड्याकडे चालत जातात, हे दृश्य गोल्डविनने त्याच्या मनाविरुद्ध घातले; मुख्य नटनटींऐवजी बदली माणसे वापरून ते घेण्यात आले. कादंबरीतही भुतांचा उल्लेख आहे. एक धनगराचा पोर ती दिसल्याचे रडत सांगतो. नेली विश्वास ठेवत नाही, तरी अंधारात एकटी बाहेर पडणे टाळते. लॉकवुड तीन थडग्यांपाशी उभा राहून तेथील शांततेत कोणाची झोप चाळवेल अशी कल्पनाही कोणी कशी करावी, असे नवल करतो. तीन थडगी, हे विसरता येत नाही : मध्ये कॅथरिन, एका बाजूला हीथक्लिफ आणि दुसऱ्या बाजूला एडगर. चित्रपटाच्या बर्फात दोघेच आहेत.

ज्या पात्राला चित्रपटाने पूर्णपणे वगळले त्या हेअरटनविषयी चार शब्द आवश्यक आहेत, कारण कादंबरीचा खरा उलगडा त्याच्यापाशी होतो. वुदरिंग हाइट्सच्या दारावर '१५००' हे साल आणि 'हेअरटन अर्नशॉ' हे नाव कोरलेले आहे. त्याच नावाचा हा मुलगा आपल्याच दारावरचे आपलेच नाव वाचू शकत नाही. पुढे तो मोठ्या अभिमानाने नाव वाचून दाखवतो, आणि आकड्यांवर अडखळतो. धाकटी कॅथी त्याला हसते. हसणारी तीच पुढे त्याला वाचायला शिकवते. एका पुस्तकावर वाकलेली ती दोन डोकी पाहून हीथक्लिफच्या सूडातले बळ संपते. तो म्हाताऱ्या डॉक्टरांच्या उपदेशाने बदलत नाही, भुताच्या हाकेनेही नाही. हेअरटनमध्ये त्याला स्वतःचे तारुण्य दिसते आणि उगारलेला हात खाली येतो. हे दृश्य पडद्यासाठी अवघड नाही. दोन चेहरे, एक पुस्तक, दारात उभा असलेला एक माणूस आणि टोलंडचा दिवा एवढे पुरले असते.

म्हणून हा चित्रपट वर्गात दाखवावा, अवश्य दाखवावा. मात्र कादंबरी वाचण्याआधीची सोपी पायरी म्हणून नव्हे. तसे केल्यास विद्यार्थी अठराव्या प्रकरणापासून पुढचा भाग शेपूट म्हणून वाचतो, किंवा वाचतच नाही. 'साम्यभेद स्पष्ट करा' ह्या चाकोरीतल्या प्रश्नाऐवजी 'हेअरटन चित्रपटात का नाही?' एवढाच प्रश्न परीक्षेत घालून पाहावा. उत्तरासाठी विद्यार्थ्याला चित्रपट जेथे संपतो तेथून पुढचे पान उलटावे लागेल. तेथे, त्या साऱ्या मृत्यूंच्या पाठोपाठ, अठराव्या प्रकरणाच्या आरंभीच नेली सांगते, की त्यानंतरची बारा वर्षे तिच्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती, आणि त्या वर्षांतील तिची सारी चिंता काय, तर एका लहान मुलीचे किरकोळ दुखणे-खुपणे.